ट्रेन्टनची गाडी आणि एडीएचडी असलेल्या मुलाची शाळा

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनातून ट्रेन्टनकडे निघालेली एनजे ट्रान्झिटची गाडी हडसन नदीखालच्या बोगद्यातून न्यू जर्सीच्या बाजूला वर येते, तेव्हा दोन्ही अंगांना मेडोलँड्सची लव्हाळ्यांनी भरलेली पाणथळ जमीन पसरलेली दिसते आणि शहर मागे पडल्याची पहिली खूण मिळते. नॉर्थईस्ट कॉरिडॉर या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग सीकॉकस, नेवार्क, एलिझाबेथ, राहवे, मेट्रोपार्क, मेटचन, एडिसन, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स्टन जंक्शन अशी स्थानके घेत ट्रेन्टनला पोहोचतो, आणि मॅनहॅटनमध्ये नोकरी करणारी असंख्य भारतीय कुटुंबे, त्यांत मराठी कुटुंबेही आली, याच मार्गाच्या आधाराने राहतात. घर कोणत्या गावात घ्यावे हा निर्णय ही कुटुंबे सहसा दोन गोष्टी तोलून करतात: गाडीला लागणारा वेळ आणि शाळांची गुणानुक्रमातील जागा. घरातील मूल एडीएचडी असलेले असेल, तर मात्र या दोन्ही गोष्टींचा अर्थ बदलतो, आणि तो कसा बदलतो हे स्थानकागणिक पाहत गेल्यास अधिक स्पष्ट होते.

एडीएचडी म्हणजे अवधान टिकवण्यातील उणीव आणि अतिचंचलता यांच्याशी निगडित असलेला, मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार. यात मुलाची बुद्धी कमी नसते. कामाला सुरुवात करणे, ते हातात धरून ठेवणे, वेळेचा अंदाज घेणे, आवेग आवरणे आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणे ही जी मनाची व्यवस्थापकीय कामे असतात, तीच त्याला जड जातात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मानसविकार निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीनुसार ही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात आणि घर, शाळा यांसारख्या किमान दोन ठिकाणी जाणवावी लागतात. आपल्याकडे अशा मुलाला वांड, धांदरट, वेंधळा अशी विशेषणे सहज चिकटतात, आणि चंचल नसलेली पण सतत आपल्याच तंद्रीत असणारी मुलगी तर कोणाच्या नजरेतही येत नाही. अमेरिकेत २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार ३ ते १७ वर्षे वयोगटातील सुमारे ७० लाख मुलांना, म्हणजे ११.४ टक्क्यांना, कधी ना कधी हे निदान झालेले होते. त्यात मुलग्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर मुलींचे ८ टक्के होते. याचा अर्थ या मार्गावरच्या कोणत्याही स्थानकाजवळील कोणत्याही वर्गात असे एक-दोन विद्यार्थी असणारच, आणि तरीही त्यांच्याशी वागण्याची रीत गावोगाव वेगळी असते.

ही रीत वेगळी असली तरी तिच्याखालचा पाया सर्वत्र एकच आहे, आणि तो कायद्याने घातलेला आहे. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी २९ नोव्हेंबर १९७५ रोजी ज्या कायद्यावर सही केली आणि ज्याला १९९० मध्ये ‘आयडिया’ या आद्याक्षरांचे नवे नाव मिळाले, त्याने अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला विनामूल्य आणि सुयोग्य सार्वजनिक शिक्षणाचा हक्क दिला. एडीएचडी या कायद्यात बसते की नाही, याविषयीचा संभ्रम केंद्रीय शिक्षणखात्याने १९९१ च्या परिपत्रकाने बराचसा दूर केला, आणि १९९९ च्या नियमांत तो विकार ‘इतर आरोग्यविषयक अडचण’ या वर्गात नावानिशी नोंदवला गेला. या कायद्याखाली पात्र ठरलेल्या मुलासाठी पालक आणि शाळा मिळून जो लेखी आराखडा करतात, त्याला आयईपी म्हणतात. त्यात मुलाची आजची स्थिती, वर्षभरातील मोजता येतील अशी उद्दिष्टे आणि त्यांसाठी मिळणाऱ्या सेवा लिहिलेल्या असतात. ज्या मुलाला वेगळ्या पद्धतीने शिकवण्याची नव्हे, तर केवळ सोयींची गरज असते, त्याच्यासाठी १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील ५०४ वे कलम उपयोगी पडते, म्हणून तशा आराखड्याला बोलीभाषेत नुसते ‘फाइव्ह-ओ-फोर’ म्हटले जाते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एन्ड्र्यू एफ. या विद्यार्थ्याच्या खटल्यात एकमताने असे ठरवले की, शाळेने नावापुरती प्रगती दाखवून भागत नाही; त्या मुलाच्या परिस्थितीच्या मानाने पुरेशी महत्त्वाकांक्षी प्रगती साधता येईल, असा आराखडा द्यावा लागतो. हक्क इतके स्पष्ट असताना गाव निवडण्याचा प्रश्न उरतोच का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मेट्रोपार्कला उतरल्यावर मिळू लागते.

मेट्रोपार्क हे स्थानक १९७१ मध्ये मुद्दाम मोटारी लावून रेल्वेने पुढे जाणाऱ्यांसाठी बांधले गेले. ते आयझेलिनमध्ये, म्हणजे वुडब्रिज टाउनशिपच्या हद्दीत येते, आणि तेथून थोड्याच अंतरावर ओक ट्री रोड सुरू होतो, जेथे साड्यांची दुकाने, सराफी पेढ्या, मिठाईवाले आणि किराणा यांची रांग आयझेलिनमधून एडिसनमध्ये केव्हा शिरते, हे नवख्याला कळतही नाही. शाळेच्या दृष्टीने मात्र ही अदृश्य सीमाच निर्णायक आहे. न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था, तिचे स्वतःचे मंडळ, स्वतःचा अर्थसंकल्प आणि स्वतःचा विशेष शिक्षण विभाग. तिचा पैसा मोठ्या प्रमाणावर घरांवरील मालमत्ता करातून येतो, आणि या राज्यात त्या कराची सरासरी २०२४ मध्ये घरामागे १० हजार डॉलरांच्या पुढे गेली. केंद्राने १९७५ मध्ये विशेष शिक्षणासाठी दर विद्यार्थ्यामागील सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलण्याची तयारी कायद्यात दाखवली होती, पण तो टप्पा आजवर कधीही गाठला गेलेला नाही, त्यामुळे उरलेला भार राज्यावर आणि गावावर पडतो. हक्क देशाने द्यायचा आणि त्याची किंमत बहुतांशी गावाने मोजायची, या व्यवस्थेतच गावागावांतील फरकाचे मूळ आहे.

एडिसन टाउनशिपचे जुने नाव रॅरिटन. १९५४ मध्ये ते बदलून थॉमस एडिसनचे नाव दिले गेले, कारण याच गावाच्या मेन्लो पार्क भागातील प्रयोगशाळेत १८७७ मध्ये फोनोग्राफ आणि १८७९ मध्ये व्यवहारात टिकणारा विजेचा दिवा तयार झाला. तेथे उभारलेला स्मारकाचा मनोरा पाहायला येणाऱ्या पालकांना, लहानपणी शिक्षकांनी मंद ठरवलेला आणि आईने घरी शिकवलेला एडिसन आठवतो, आणि त्यालाही एडीएचडी होते असे हौसेने सांगितले जाते. मृत माणसांचे असे निदान करण्याला शास्त्रीय आधार नसतो, आणि आपल्या मुलाच्या आजच्या अडचणीला भावी थोरवीची पूर्वसूचना मानणे मुलाच्या हिताचे नाही. त्याला आज मदत हवी असते. एडिसनची वस्ती २०२० च्या जनगणनेत १ लाख ७ हजारांवर होती, आणि दोन सार्वजनिक हायस्कुलांपैकी जे. पी. स्टीव्हन्सच्या हद्दीत घर मिळावे म्हणून भारतीय कुटुंबांची धडपड चालते. एवढ्या मोठ्या डिस्ट्रिक्टचा लाभ असा की, साहाय्यक शिक्षकाचा वर्ग, छोट्या गटातील वर्ग, वर्तनतज्ज्ञ असे वेगवेगळे पर्याय गावातच उपलब्ध होण्याची शक्यता वाढते. उणीव अशी की, मुलाची फाइल अनेक हातांतून फिरते आणि पालकाला प्रत्येक वर्षी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावे लागू शकते.

याच्या अगदी उलट चित्र पुढच्याच स्थानकावर दिसते. मेटचन हे गाव चारही बाजूंनी एडिसनने वेढलेले आहे, स्थानकापासून मुख्य रस्ता, ग्रंथालय आणि शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि सार्वजनिक शाळा सगळ्या मिळून चार. अशा डिस्ट्रिक्टमध्ये मुलाला आणि त्याच्या पालकांना ओळखणारी माणसे लवकर तयार होतात, आणि लहान गावाचे हे मोल मोठ्या आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही. पण चार शाळा म्हणजे बालवर्गापासून बारावीपर्यंत चार इमारती, आणि एका इमारतीतून दुसरीत जाणे हाच एडीएचडी असलेल्या मुलाच्या शालेय आयुष्यातील सर्वांत नाजूक काळ असतो. एका बाईंच्या वर्गातून निघून सहा-सात शिक्षक, कुलूप लावायचे लॉकर आणि घंटेगणिक बदलणाऱ्या खोल्या यांत पडल्यावर, चौथीपर्यंत तरलेले मूल अचानक बुडू लागते. म्हणून शाळा किती चांगली आहे यापेक्षा, एका शाळेकडून दुसरीकडे मुलाचा आराखडा कोण आणि कधी सोपवतो, हा प्रश्न अशा गावात आधी विचारावा.

आधार म्हणजे नेमके काय, हे कागदावरील शब्दांवरून कळत नाही; ते वर्गातील एका बाकाजवळ जाऊन पाहावे लागते. चांगल्या वर्गात अशा मुलाच्या मेजाच्या कोपऱ्यात तळहाताएवढे कार्ड चिकटवलेले असते आणि त्यावर तीनच ओळी असतात: काम सांगितल्यावर लगेच सुरू केले, बोलण्यापूर्वी हात वर केला, गृहपाठ पिशवीत ठेवला. प्रत्येक तासाच्या शेवटी शिक्षिका जाता जाता तेथे खूण करतात, त्याविषयी वर्गात एक शब्दही उच्चारला जात नाही, आणि तीन वाजता ते कार्ड मुलाबरोबर घरी जाते, जेथे पुरेशा खुणांसाठी आधी ठरलेले छोटे बक्षीस त्याच संध्याकाळी मिळते. दैनिक वर्तनपत्र म्हणून ओळखला जाणारा हा साधा उपाय वर्तन-उपचारांतील चांगल्या पारखलेल्या साधनांपैकी एक आहे, कारण दूरच्या फळासाठी थांबणे ज्या मुलाला जमत नाही, त्याच्यापर्यंत फळच जवळ आणले जाते. याउलट ‘पुढच्या बाकावर बसवणे आणि परीक्षेला दीडपट वेळ’ एवढ्या दोन सोयी लिहिलेला आराखडा अनेक ठिकाणी साच्यातून काढल्यासारखा मिळतो. ज्याला काम सुरूच करता येत नाही त्याला अधिक वेळ देणे म्हणजे अधिक वेळ बसवून ठेवणे होय.

न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाच्या इमारती रुळांच्या जवळ येतात. १७६६ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ आणि गावातील मोठी रुग्णालये यांमुळे तज्ज्ञांपर्यंत पोहोचणे या परिसरात सोपे जाते, परंतु उपनगर शोधणारी कुटुंबे सहसा येथे न उतरता पुढे जातात.

प्रिन्स्टन जंक्शनला गाडीतून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतात ती मोटारी लावण्याची विस्तीर्ण मैदाने. येथून प्रिन्स्टन गावात जाणारी ‘डिंकी’ नावाची छोटी गाडी सुमारे पाच मिनिटांत पोहोचते, आणि अमेरिकेतील नियमित प्रवासी मार्गांत तो सर्वांत आखूड मानला जातो. स्थानकाचे नाव प्रिन्स्टनचे असले तरी ते वेस्ट विंडसर टाउनशिपमध्ये आहे. नावांचा हा घोळ घर घेणाऱ्याला महागात पडू शकतो, कारण प्रिन्स्टनचा टपाली पत्ता असलेली अनेक घरे प्रत्यक्षात प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर किंवा साउथ ब्रन्सविक येथे असतात आणि त्यांच्या शाळा त्या त्या डिस्ट्रिक्टच्या असतात. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो ही दोन वेगळ्या काउंट्यांतील गावे एकत्र येऊन चालवत असलेला डिस्ट्रिक्ट गुणवत्तेसाठी प्रसिद्ध आहे आणि भारतीय पालकांचा आवडता आहे. २०१५ मध्ये तेथील अधीक्षक डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी विद्यार्थ्यांवरील ताणाविषयी पालकांना सविस्तर पत्र लिहिले आणि हायस्कुलांतील मध्यावधी व अंतिम परीक्षा बंद करणे, काही रात्री गृहपाठाविना ठेवणे असे बदल केले. तेव्हा पालकांत दोन तट पडले, आणि विरोध करणाऱ्यांत स्थलांतरित आशियाई पालक मोठ्या संख्येने होते. आपल्या मुलाने पुढे जावे यासाठी घरदार सोडून आलेल्या पालकांची भीती समजण्यासारखी आहे. तरीही ज्या वर्गात गणिताच्या वरच्या तुकडीत बसणे हीच सर्वसाधारण अपेक्षा असते, तेथे हुशार पण एडीएचडी असलेले मूल मध्यम गुण मिळवत राहते आणि त्याची झीज कोणालाच दिसत नाही. ‘मार्क चांगले आहेत, मग अडचण कसली’ हा प्रश्न शाळाही विचारते आणि घरही. केंद्रीय शिक्षणखात्याच्या नागरी हक्क विभागाने जुलै २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे की, केवळ गुण चांगले आहेत एवढ्यावरून ५०४ व्या कलमाचे संरक्षण नाकारता येत नाही. पालकांनी हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गाडीच्या वेळेचा हिशेब मोठ्यांच्या सोयीने केला जातो. या मुलांच्या घरात तो मुलाच्या दिवसाच्या हिशेबाने करावा लागतो. सकाळी घेतलेल्या उत्तेजक वर्गातील औषधाचा परिणाम, ते दीर्घकाळ टिकणारे असले तरी, साधारणतः ८ ते १२ तासांत ओसरतो, आणि तो ओसरताना काही मुले नेहमीपेक्षा अधिक चिडचिडी आणि अस्वस्थ होतात. मेट्रोपार्कपासून पेन स्टेशन सुमारे पाऊण तासावर आहे, तर प्रिन्स्टन जंक्शनला तास-सव्वा तास लागतो; दोन्ही टोकांची चाल आणि मोटार धरल्यास दुसऱ्या ठिकाणचा पालक सात वाजल्यानंतरच दारात येतो, आणि गृहपाठाची वही नेमकी तेव्हा उघडली जाते, जेव्हा मुलाजवळ दिवसभराचे बळ संपलेले असते. त्यात हॅकेनसॅक नदीवरचा १९१० चा पोर्टल पूल बोटींसाठी फिरवून उघडावा लागे आणि कधी कधी पुन्हा नीट बसत नसे, त्यामुळे संपूर्ण मार्गाचे वेळापत्रक कोलमडत असे. त्याच्या जागी नवा पूल बांधण्याचे काम २०२२ मध्ये सुरू झाले. म्हणून तीन वाजता शाळा सुटल्यापासून पालक येईपर्यंतचे तीन-चार तास मूल कोणाजवळ असते, शाळेच्याच इमारतीत चालणाऱ्या पण अनेकदा बाहेरच्या संस्थेकडे सोपवलेल्या आफ्टरकेअरमधील माणसांना त्याच्या आराखड्याची माहिती असते का, आणि गृहपाठ तेथेच उरकतो का, या प्रश्नांची उत्तरे घराच्या चौरस फुटांपेक्षा महत्त्वाची ठरतात. वीस मिनिटे जवळचे पण लहान घर हा या कुटुंबांसाठी पुष्कळदा अधिक शहाणपणाचा सौदा असतो.

शाळांची पाहणी करताना गुणानुक्रमाच्या यादीवर विसंबू नये, कारण त्या याद्या मुख्यतः सगळ्यांच्या सरासरी गुणांवर आधारलेल्या असतात. राज्याचे शिक्षणखाते दर वर्षी प्रत्येक शाळेचा कामगिरी अहवाल प्रसिद्ध करते; त्यात अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल वेगळे दिलेले असतात, दीर्घ अनुपस्थितीचे प्रमाण असते आणि किती मुलांना तात्पुरते शाळेबाहेर काढले हेही असते. शेवटचा आकडा बारकाईने वाचावा, कारण आवेग न आवरणाऱ्या मुलाला शिक्षेची वाट दाखवणारी शाळा तेथे उघडी पडते. डिस्ट्रिक्ट आपली किती मुले बाहेरच्या विशेष शाळांत पाठवतो हाही तपासण्याजोगा मुद्दा आहे; वेगळ्या शाळांत मुले ठेवण्याचे न्यू जर्सीचे प्रमाण देशातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये विशेष शिक्षणाविषयी सल्ला देणारा पालकगट असणे राज्याच्या नियमानुसार आवश्यक असते. त्या गटाच्या सभा नियमित होतात की नाव फक्त संकेतस्थळावर आहे, हे एका संध्याकाळी जाऊन पाहिल्यास कळते, आणि तेथे भेटलेली एखादी आई जे सांगते ते कोणत्याही दलालाला ठाऊक नसते.

भारतातून थेट येणाऱ्या कुटुंबाने आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शाळेत प्रवेशासाठी भाडेकरार किंवा वीजबिल, लसीकरणाची नोंद आणि जन्मदाखला लागतो. मुलाचा व्हिसा कोणता आहे यावर सार्वजनिक शाळेतील प्रवेश सहसा अवलंबून नसतो, आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा प्लायलर निकाल त्यामागे उभा आहे. अमेरिकेच्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेल्या मुलाला जुन्या आयईपीशी मिळत्याजुळत्या सेवा लगेच द्याव्या लागतात, पण पुण्या-मुंबईहून आलेल्या मुलाच्या बाबतीत सगळे पहिल्यापासून सुरू होते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही, त्यामुळे अनेक मुलांकडे प्रमाणपत्र नसते. तरी भारतातील बालरोगतज्ज्ञाचा किंवा मानसशास्त्रज्ञाचा इंग्रजीतील अहवाल, शाळेची प्रगतिपुस्तके आणि शिक्षकांचे शेरे बरोबर आणावेत, कारण पालकांनी दिलेली माहिती मूल्यमापनात विचारात घ्यावीच लागते. मराठी घरांत ही गोष्ट नातेवाइकांपासून आणि कधी कधी शाळेपासूनही लपवली जाते. ज्या देशात मदत मागितल्यावर मिळते, तेथे या लपवण्याची किंमत मूल मोजते. औषध सुरू करा, मगच शाळेत घेऊ, असे शाळेला म्हणता येत नाही, तशी मनाई २००४ च्या दुरुस्तीने केलेली आहे.

न्यू जर्सीत मुलाचे मूल्यमापन चाइल्ड स्टडी टीम करते. तिच्यात शालेय मानसशास्त्रज्ञ, अध्ययन-अक्षमतेची विशेष शिक्षिका किंवा शिक्षक आणि शालेय समाजकार्यकर्ता असे तिघे असतात, आणि या कामाचे पैसे पालकांकडून घेतले जात नाहीत. आधी वर्गात काही उपाय करून पाहू, मग ठरवू, असे शाळा सुचवते, तेव्हा ते उपाय चालू राहू द्यावेत. पण त्यांचे कारण देऊन मूल्यमापन लांबवता येत नाही, हे केंद्रीय खात्याने जानेवारी २०११ मध्येच सर्व राज्यांना कळवलेले आहे. गोड बोलून झालेल्या भेटींना आणि दूरध्वनीवरच्या आश्वासनांना मुदत नसते. विशेष शिक्षण विभागाला लेखी अर्ज द्यावा, त्यावर तारीख घालावी आणि पोहोच घेऊन प्रत जपून ठेवावी. तो अर्ज हाती पडल्यापासून, शाळेच्या सुट्ट्या वगळून पण उन्हाळी सुट्टी धरून, २० दिवसांच्या आत बैठक बोलावणे, आणि पालकांची संमती मिळाल्यापासून ९० दिवसांत मूल्यमापन पुरे करून मूल पात्र ठरल्यास आयईपी अमलात आणणे, हे या मार्गावरच्या प्रत्येक डिस्ट्रिक्टला सारखेच बंधनकारक आहे.